पदभार मागून घ्या

हे आवाहन सरकारी नोकरीत असलेल्या बायकांना आहे. तहसील कचेरी, पंचायत समिती, नगरपालिका, एसटीचं आगार, महावितरणचा उपविभाग, मंत्रालयातला कक्ष, तुम्ही कुठेही असा. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत राज्यसेवेचा अभ्यास करत बसणाऱ्या मुलींनाही ते आहे. आणि तुमच्या घरच्या माणसांना, तुमच्या साहेबांनाही. म्हणणं एकच आहे. जिथे लोकांचं काम प्रत्यक्ष होतं किंवा अडतं, काही बिघडलं तर फोन तुम्हाला येतो आणि जाबही तुम्हालाच विचारतात, ती जागा मागून घ्या. अर्ज करा, तोंडाने सांगा, पुन्हा सांगा. ती आपोआप तुमच्याकडे चालत येण्याची शक्यता फार कमी आहे.

का कमी आहे, ते कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत अर्धा दिवस बसलं की कळतं. गौण खनिज, पुरवठा, निवडणूक, आपत्ती व्यवस्थापन ही कामं कुणाकडे आहेत ते बघा. मग बारनिशी, आस्थापना, संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज कुणाकडे आहेत तेही बघा. सगळीकडे एकच चित्र असेल असं मी म्हणत नाही. वाळूच्या गाड्या मध्यरात्री अडवणाऱ्या महिला तहसीलदार महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. पण कल कुठे आहे ते दिसल्याशिवाय राहत नाही. जिल्हा परिषदेतही तेच: बांधकाम आणि पाणीपुरवठा एका बाजूला, महिला व बालकल्याण दुसऱ्या बाजूला. ही वाटणी बहुतेक वेळा आकसाने होत नाही, काळजीपोटी होते. "मॅडम, तुमची मुलं लहान आहेत, तुम्हाला तिकडची धावपळ कशाला?" असं म्हणणारा माणूस बहुधा चांगला असतो. म्हणून त्याला नाही म्हणणं जड जातं. बाई मान डोलावते, सोयीचं टेबल घेते, आणि पंधरा वर्षांनी मोठ्या पदासाठी नावं निघतात तेव्हा तिला विचारलं जातं, "फील्डचा अनुभव किती?"

राज्याच्या नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण १९९४ च्या महिला धोरणाच्या काळापासून आहे. त्यामुळे दार उघडलं, बायका मोठ्या संख्येने आत आल्या. पण आत आल्यावर कोणत्या खुर्चीवर बसायचं हे आरक्षण ठरवत नाही. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झालं. राज्याला पहिली महिला मुख्य सचिव मिळाली ती ३० जून २०२४ रोजी, सुजाता सौनिक यांच्या रूपाने. मधली चौसष्ट वर्षं हुशार बायकांची वाण होती असं कुणी म्हणेल का? त्या पदापर्यंत पोचण्याआधी सौनिक यांनी आरोग्य आणि गृह यांसारखी खाती सांभाळली होती, म्हणजे जिथे एका दिवसाची ढिलाई माणसांच्या जिवावर बेतते अशी खाती.

या काळजीला उत्तर कसं द्यायचं, हे ज्यांच्याकडून शिकावं अशा एका बाईंची कारकीर्द इथे सविस्तर सांगते. ॲना राजम मल्होत्रा. जन्म केरळातला. लहानपण कोळिकोडला गेलं, इंग्रजी साहित्याची पदव्युत्तर पदवी मद्रास विद्यापीठाची. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. त्या भारतीय प्रशासकीय सेवेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या आणि मुलाखतीला बसल्या, तेव्हा मंडळातल्या ज्येष्ठांनी त्यांना परराष्ट्र सेवा किंवा केंद्राच्या इतर सेवा सुचवल्या. बाईमाणसाला त्या बऱ्या, असा भाव. त्यांनी ऐकलं नाही. १९५१ च्या तुकडीतून त्या प्रशासकीय सेवेत आल्या आणि मद्रास राज्य निवडलं. त्यांच्या नेमणूकपत्रात एक अट होती: लग्न केल्यास सेवा संपुष्टात येईल. पुरुष उमेदवारांना अशी अट नव्हती.

पुढचा अडथळा अधिक मोठा होता, कारण तो एका खरोखर मोठ्या माणसाने उभा केला होता. मद्रासचे मुख्यमंत्री तेव्हा चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी होते. देशाचे गव्हर्नर जनरल राहिलेले, गांधीजींचे निकटचे सहकारी, अत्यंत बुद्धिमान. बाईला जिल्ह्यात प्रत्यक्ष अधिकाराचं पद द्यावं हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी सचिवालयातली जागा देऊ केली. ॲना राजम यांनी त्यांच्याशी वाद घातला. आपण घोडेस्वारी शिकलो आहोत, बंदूक चालवायला शिकलो आहोत, दंडाधिकाऱ्याचे अधिकार वापरायला पुरुष सहकाऱ्यांइतक्याच तयार आहोत, कायदा-सुव्यवस्थेचा प्रसंग आला तर निभावू, अशी त्यांची मांडणी होती. शेवटी त्यांना होसूरच्या उपजिल्हाधिकारी म्हणून पाठवण्यात आलं. पुढे याच राजाजींनी तिरुचिरापल्लीच्या जाहीर सभेत पुढारलेल्या स्त्रीचं उदाहरण म्हणून त्यांचं नाव घेतलं.

होसूर भागातल्या फिरतीची एक गोष्ट त्यांनीच पुढे सांगितली होती. बाई साहेब घोड्यावरून गावात येणार म्हणून गावातल्या बायका बघायला जमल्या. एका म्हातारीने त्यांना नीट निरखून पाहिलं आणि ही तर आपल्यासारखीच दिसते, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्या म्हातारीच्या आयुष्यात सरकार पहिल्यांदाच आपल्यासारखं दिसलं होतं. सचिवालयाच्या खोलीत बसून ॲना राजम यांनी कितीही सुरेख टिपणी लिहिली असती, तरी हे घडलं नसतं.

त्यांच्या युक्तिवादाचा रोख कुठे होता तेही पाहा. माझ्यावर अन्याय होतोय, असं म्हणण्यावर त्यांनी भर दिला नाही, जरी तो होत होता. जे प्रशिक्षण इतरांना मिळालं तेच मला मिळालं, म्हणून जे काम इतरांना मिळतं तेच मला द्या, एवढाच आग्रह. तुम्हीही पद मागायला जाल तेव्हा असंच जा. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलंय, पुराच्या वेळी नियंत्रण कक्षात रात्रपाळी केलीय, पीक पंचनाम्याला शिवारं तुडवलीत, विभागीय परीक्षा पहिल्या प्रयत्नात सोडवलीय, जे असेल ते एका कागदावर लिहून न्या. वरिष्ठाच्या मनातली काळजी भावनेने दूर होत नाही. समोर कामाचा पुरावा असला की त्याला नकार द्यायला कारण शोधावं लागतं.

लग्नाच्या अटीचं काय झालं, हेही तरुण मुलींना माहीत असायला हवं. ती अट पुढे गेली आणि ॲना राजम यांनी नंतर आपल्याच तुकडीतल्या आर. एन. मल्होत्रा यांच्याशी लग्न केलं, जे १९८५ ते १९९० या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. पण अशा नियमांचं भूत बराच काळ वावरत राहिलं. परराष्ट्र सेवेत तर महिला अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे, आणि संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येई. त्या सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा. बढती नाकारली गेली तेव्हा त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्णा अय्यर यांनी त्या नियमांमधल्या भेदभावावर अतिशय कडक शब्दांत ताशेरे ओढले. खटला चालू असतानाच सरकारने मुथम्मांना बढती देऊन टाकली होती. आज तुमच्या नेमणुकीच्या आदेशात लग्नाचा उल्लेख नसतो, त्यामागे अशा बायकांनी पत्करलेला वाईटपणा आहे. तुमच्या वाट्याला आलेला वाईटपणा त्यापेक्षा बहुधा लहान असेल. तेवढा घ्या.

आता, प्रत्यक्ष कामाच्या पदावर असं काय शिकायला मिळतं, की त्यासाठी मी एवढ्या आग्रहाने सांगते आहे? २०१९ च्या ऑगस्टमधला सांगली-कोल्हापूरचा महापूर आठवा. कृष्णेला आणि पंचगंगेला पाणी चढत होतं, धरणांतून विसर्ग चालू होता, गावं खाली करायची होती. कागदावर हे सोपं आहे: पाण्याची पातळी इतकी झाली की स्थलांतर सुरू करायचं. गावात गेल्यावर कळतं की माणसं जनावरं सोडून निघत नाहीत. गोठ्यातली म्हैस आधी हलली पाहिजे, तिच्या वैरणीची सोय झाली पाहिजे, मग घरातली म्हातारी उठते. बोटी किती, त्यातल्या चालू किती, एका फेरीला किती वेळ, बोटीत माणसं किती बसवायची आणि घाबरलेल्या गर्दीला कुणी थांबवायचं, हे सगळं पाणी चढायच्या आधी ठरलेलं असावं लागतं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि कित्येक जीव गेले. त्या भागात पुराच्या दिवसांत ज्या तलाठी, ग्रामसेविका, आरोग्य सेविका, मंडळ अधिकारी पाण्यात उभ्या होत्या, त्यांना जे ज्ञान मिळालं ते कुठल्याही प्रशिक्षण वर्गात मिळत नाही. पुढे कधी त्यांच्यापैकी कुणी पूरनियोजनाच्या बैठकीत बसली, तर ती पहिला प्रश्न जनावरांचा विचारेल. बाकीचे नकाशा बघत असतील.

ॲना राजम मल्होत्रा यांच्याही कारकिर्दीचा कळस एका प्रत्यक्ष उभारणीतच झाला, आणि तो आपल्याच रायगड जिल्ह्यात. न्हावा-शेवाचं बंदर. मुंबईचं जुनं बंदर शहराच्या गर्दीत अडकलं होतं, मालवाहतूक कंटेनरकडे वळत होती आणि देशाला त्या पद्धतीचं नवं बंदर हवं होतं. उरण तालुक्यातल्या खाजणात ते उभारायचं होतं. मल्होत्रा जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्टच्या अध्यक्ष होत्या. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झालं, त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं. बंदराची उभारणी म्हणजे गाळ उपसण्यापासून क्रेन, रेल्वेमार्ग, सीमाशुल्काची कचेरी, संगणकाची यंत्रणा, कामगार, ठेकेदार, दिल्लीतली मंत्रालयं आणि गावातले लोक, हे सगळं एकाच वेळी हलतं ठेवणं. आज त्या बंदरातून वर्षाला वीस फुटी मापाचे ७० लाखांहून जास्त कंटेनर जातात. तळोज्याच्या कारखान्यातून निघालेला माल असो की नाशिकची द्राक्षं, परदेशी जाताना बहुधा तिथूनच जहाजावर चढतात.

त्याच बंदरापायी शेवा कोळीवाड्यातली कुटुंबं विस्थापित झाली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशकं रेंगाळला. हे मी मुद्दाम इथेच लिहिते. पदभार मागणं म्हणजे फक्त उद्घाटनाची फीत आणि पुरस्कार मागणं नव्हे. तुमच्या सहीने कुणाचं घर उठतं, कुणाची वहिवाट बंद होते. ती सही करणाऱ्या माणसाने त्या घरी जाऊन बसायला हवं, आणि आपण बदलून गेल्यावरही त्या कुटुंबाची नस्ती कुठे अडली हे विचारत राहायला हवं. बायका हे पुरुषांपेक्षा जास्त करतात असा दावा मी करत नाही. ज्या कुणाच्या हाती अधिकार येतो त्याने हे करावं, एवढंच माझं मागणं आहे.

जबाबदारीचं पद घेतलं की शिव्याही खाव्या लागतात. अश्विनी भिडे यांचं नाव मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. १९९५ च्या तुकडीतल्या या अधिकाऱ्यांकडे २०१५ पासून कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मेट्रोचं काम होतं. ३३.५ किलोमीटर लांबी, २७ स्थानकं, त्यातलं आरेचं एक सोडलं तर सगळी जमिनीखाली. जुन्या इमारती, दाट वस्ती, समुद्राजवळची जमीन यांच्या पोटातून बोगदे काढायचे. आरेच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये झाडं तोडली गेली तेव्हा शहरातून प्रचंड संताप उसळला आणि त्याचा बराचसा रोख त्यांच्यावर होता. जानेवारी २०२० मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून हलवलं. करोनाच्या काळात त्या मुंबई महापालिकेत अतिरिक्त आयुक्त होत्या. २०२२ मध्ये त्या पुन्हा मेट्रोवर आल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गाडी कफ परेडपर्यंत गेली. आरेच्या झाडांबद्दल तुमचं मत त्यांच्या विरुद्ध असू शकतं, लोकशाहीत ते असायलाच हवं. पण पदावरून हलवलं गेल्यानंतर बाई खचून कोपऱ्यात बसली नाही, मिळालं ते दुसरं अवघड काम तिने केलं आणि पहिलं काम पुन्हा हाती आलं तेव्हा ते पूर्ण करून दाखवलं, हे शिकण्यासारखं आहे. बदली म्हणजे बदनामी, असं तुम्ही स्वतःच मानायला लागलात तर लोकांनाही तसंच वाटेल.

घरचा प्रश्न मी टाळणार नाही. तो खरा आहे, आणि "जमवून घ्या" असं सांगून सुटत नाही. नीला सत्यनारायण हे नाव मराठी वाचकांना लेखिका म्हणूनही ठाऊक आहे. १९७२ च्या तुकडीतल्या या अधिकाऱ्यांचा मुलगा डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला, आणि त्याला वाढवण्याचा अनुभव त्यांनी 'एक पूर्ण अपूर्ण' या पुस्तकात मांडला. त्याच बाई पुढे राज्याच्या पहिल्या महिला निवडणूक आयुक्त झाल्या. जिल्हा परिषदा, महापालिका, ग्रामपंचायती यांच्या निवडणुका घ्यायच्या म्हणजे राज्यातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत वेळेत बांधलेलं काम. त्यांच्यासारखं प्रत्येकीला जमलं पाहिजे असं मी म्हणणार नाही. आयुष्यात काही वर्षं अशी येतात की सोयीचं टेबलच घ्यावं लागतं. आई अंथरुणाला खिळलेली असते, मूल दहावीला असतं, स्वतःची तब्येत बरी नसते. ती वर्षं बिनदिक्कत घ्या. १८० दिवसांची बालसंगोपन रजा राज्याने २०१८ पासून दिलेली आहे, ती तुमच्या हक्काची आहे, साहेबांचे उपकार नव्हेत. एवढं करा की त्या टेबलावर जाताना किती काळासाठी जाताय हे मनाशी ठरवा आणि तो काळ संपला की उठा. दोन वर्षांसाठी घेतलेली जागा निवृत्तीपर्यंत चालवणाऱ्या बायका कमी नाहीत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळजणी साहेबांपेक्षा हुशार होत्या.

घरच्या माणसांना सांगते: तिच्या कामाचे तास तुमच्या सोयीने मोजू नका. पावसाळ्यात नियंत्रण कक्षात रात्रपाळी असते, निवडणुकीत मतदान यंत्रं जमा होईपर्यंत पहाट होते, ३१ मार्चला कोषागारात देयकं पोचेपर्यंत कुणी घरी जात नाही. मुलाला शाळेतून आणणं, सासऱ्यांचं औषध, संध्याकाळचा स्वयंपाक यातलं काय कोण करणार, हे तिने पद स्वीकारायच्या आधी घरात बसून ठरवा. तिने पद घेतल्यावर रोज संध्याकाळी फुरंगटून बसण्यापेक्षा ते फार बरं.

आणि गैरसोयींबद्दल. फिरतीला गाडी नाही, मंडळाच्या ठिकाणी बाईंसाठी स्वच्छतागृह नाही, मुक्कामाला विश्रामगृहात खोली मिळत नाही, ही कारणं सांगून पद नाकारलं जातं, आणि वरिष्ठही तीच कारणं पुढे करतात. पद घ्या आणि स्वच्छतागृह लेखी मागा. तुमच्या मागणीने एकदा बांधलेलं स्वच्छतागृह तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकीला मिळतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक कार्यालयात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. तुमच्या कार्यालयातली समिती केवळ भिंतीवरच्या फलकावर आहे की खरोखर बसते, हे आजच विचारा. स्वतःवर वेळ येईपर्यंत थांबू नका.

पैशाचं काम टाळू नका. अंदाजपत्रक, निविदा, मोजमाप पुस्तिका, देयक, उपयोगिता प्रमाणपत्र हे शब्द ऐकले की "ते अकाउंटवाले बघतील" म्हणायची सवय अनेकींना लावलेली असते. सरकारात निर्णय भाषणात होतो, पण तो अडतो किंवा पुढे सरकतो पैशाच्या कागदावर. कुठल्या लेखाशीर्षाखाली तरतूद आहे, ती कधी वितरित होते, ठेकेदाराचं देयक कुठल्या टेबलावर किती दिवस पडून राहतं, हे जिला पाठ आहे तिला बैठकीत कुणी गप्प बसवू शकत नाही. हे शिकायला हुशारी लागत नाही. एक आर्थिक वर्ष लेखाशाखेशी नीट मैत्री करावी लागते.

वरिष्ठांना थोडंसंच सांगायचं आहे. तिला विचारा. तिच्या वतीने तुम्ही ठरवू नका. अवघड शाखा देताना नावं काढता तेव्हा महिलांची नावं आधी वगळून मग यादी करू नका. यादीत ठेवा आणि तिला नकार द्यायचा असेल तर तिला देऊ द्या. राजाजींसारख्या माणसालाही मत बदलावं लागलं, तेव्हा तुमच्या-माझ्यासारख्यांना त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

आता सल्लागारीविषयी, कारण हल्ली कर्तबगार बायका त्या वाटेने मोठ्या संख्येने जात आहेत. कुणी स्वेच्छानिवृत्ती घेऊन खासगी सल्लागार कंपन्यांत जातात, कुणी निवृत्तीनंतर जागतिक संस्थांची कामं घेतात, कुणी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसतात. ॲना राजम मल्होत्राही निवृत्तीनंतर मुंबईतल्या हॉटेल लीला व्हेंचर या कंपनीच्या संचालक मंडळावर होत्या. ही वाट चांगली आहे. तिचे नियम आहेत: अखिल भारतीय सेवेतल्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी व्यावसायिक नोकरी धरायची असेल तर सरकारची परवानगी लागते. असा नियम असणं योग्यच आहे. काल ज्या कंपनीच्या नस्तीवर तुमची सही होती तिच्या पगारावर उद्या तुम्ही असाल, तर लोकांनी तुमच्या सहीवर विश्वास कसा ठेवायचा? नियमाची मुदत संपली तरी ही लाज स्वतःजवळ ठेवा.

सल्लागार म्हणून तुमची किंमत कशावर ठरते? तुम्ही काय चालवलंय यावर. अहवाल लिहिणारी हुशार मुलं कंपन्यांकडे भरपूर असतात. त्यांच्याकडे नसतं ते असं: अडीच हजार लोकांची रांग लागली तेव्हा काय बिघडतं, पुरवठादाराने ऐनवेळी हात वर केले तर पर्यायी वाट कोणती, गावातला माणूस अंगठा उठत नाही म्हणून रेशनविना परत जातो तेव्हा दुकानदाराला काय सांगायचं. हे ज्या बाईने केलंय तिचा सल्ला मोलाचा. जी आयुष्यभर आस्थापनेच्या टेबलावर राहिली तिला हे दार उघडत नाही, मग तिची पदवी कितीही मोठी असो.

दुसऱ्या बाजूने येणाऱ्या मुलीही आहेत. व्यवस्थापनाची पदवी घेऊन त्या सल्लागार कंपनीमार्फत मंत्रालयात किंवा महापालिकेत प्रकल्पाच्या कामाला बसतात, किंवा मुख्यमंत्री फेलोशिपमधून येतात. त्यांना एक विनंती. पहिल्या महिन्यात सादरीकरण करू नका. सेतू केंद्राच्या खिडकीवर, प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी, एसटी आगारात पहाटेच्या पहिल्या फेऱ्या सुटताना जाऊन उभ्या राहा. तिथल्या ताईंना, भाऊंना विचारा की अडतं कुठे. तुमच्या सादरीकरणाच्या शेवटी ज्यांचं नाव कधी येत नाही, त्यांना उत्तर बहुधा माहीत असतं. आणि सरकारातल्या बाईंनो, सल्लागाराचा अहवाल हाती आला की त्याला घाबरू नका. हे चालवणार कोण, तो माणूस रजेवर गेला तर कोण, तिसऱ्या वर्षी देखभालीचा पैसा कुठून, एवढं विचारा. सही तुमची आहे. अहवालाची कंपनी दोन वर्षांनी दुसऱ्या राज्यात असेल, चौकशीला मात्र तुम्हाला बोलावतील.

मोठ्या पदांवर न गेलेल्या निवृत्त बायकांकडेही मोठी पुंजी असते, आणि ती घरात पडून राहते याचं मला फार वाईट वाटतं. वारस नोंद कशी करायची, फेरफार कुठे अडतो, सातबाऱ्यावरची चूक कुणाकडे दुरुस्त होते, विधवा बाईला पेन्शनसाठी कोणते कागद लागतात, हे तीस वर्षं रोज केलेली बाई गावात असते आणि शेजारची सून दलालाला पैसे देत असते. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, अधिसूचित सेवा किती दिवसांत मिळायला हवी हे त्यात ठरलेलं आहे, वेळेत मिळाली नाही तर अपील करता येतं. आठवड्यातली एक सकाळ ग्रामपंचायतीच्या किंवा वाचनालयाच्या ओट्यावर बसा आणि लोकांना अर्ज भरायला शिकवा. पैसे घेऊ नका, कुणाच्या ओळखीचा फोन लावू नका, फक्त वाट दाखवा. ज्या सेवेत असताना तुम्हाला अवघड टेबल मिळालं नाही, तिथे नाही तर इथे तरी तुमचं ज्ञान लोकांच्या उपयोगी पडेल.

ज्या अजून नोकरीत आहेत त्यांच्यासाठी वेळ ठरलेली आहे. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यानुसार राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात आणि एका पदावरचा कार्यकाळ साधारण तीन वर्षांचा असतो. म्हणजे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत तयार हवा. पसंती विचारली तर घराजवळच्या गावांची नावं लिहून थांबू नका, कामाचंही नाव लिहा: पुरवठा निरीक्षक, गटविकास अधिकारी, आगार व्यवस्थापक, पाणीपुरवठ्याची उपअभियंता, जे तुमच्या संवर्गात बसेल ते. खाली आतापर्यंत केलेल्या प्रत्यक्ष कामाची यादी जोडा, तारखांसह. अर्ज आवक शाखेत देऊन क्रमांक घ्या. मग साहेबांची वेळ घेऊन भेटा आणि तोंडाने सांगा. नकार आला तर कारण लेखी मागा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.